चपला मोजणारे दाजी

माझे दाजी कुंडलिकराव हे निमगाव सावा गावातले लई हुशार गृहस्थ आहेत. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात, आणि डेअरीवर दुधाची किटली घेऊन रांगेत उभी असलेली निम्मी माणसं मान डोलावतात. मी त्यांची मेव्हणी, मंगल. अवसरी बुद्रुकला असते, झेडपीच्या शाळेत पंचवीस वर्षं पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवतेय. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून या माणसाला मी 'अहो दाजी' म्हणते. तोंडाला सवय लागलीय म्हणून. नाहीतर 'अहो' म्हणावं असं त्यांनी गेल्या दोन वर्षांत काय केलंय, ते मला कुणीतरी सांगा.

त्यांची हुशारी कुठून आली, ते आधी ऐका. ज्या साली टोमॅटोनं अख्ख्या देशाला रडवलं, त्या साली आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांनी उन्हाळ्यात भाव नाही म्हणून उभे प्लॉट उपटून टाकले होते. दाजींची लागवड मात्र उशिरा झाली आणि माल नेमका भावात सापडला. का उशिरा झाली? कारण चैत्रात दाजी मुतखड्यानं पंधरा दिवस आडवे होते. माझी बहीण भागूताई त्यांना पानफुटीचा रस पाजत होती आणि ते देवाच्या नावानं ओरडत होते. बरं वाटल्यावर उठले, लागवड केली, आणि दोन महिन्यांनी गावानं त्यांना फेटा बांधला. त्या दिवसापासून मुतखड्याचं नाव घरात काढायचं नाही. आता त्याचं नाव 'अभ्यास'.

"सगळी लावत्यात ते आपुन लावायचं न्हाई," हे दाजी डेअरीवर रोज सांगायला लागले. त्यासाठी ते नर्सऱ्यांमधून हिंडायचे. कोणी कोणत्या वाणाची रोपं किती सांगून ठेवलीत, किती ट्रे भरलेत, ते मोजून यायचे. जिथं ट्रे जास्त, ते वाण सोडायचं. टोमॅटोपुरतं हे ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पुढं त्यांनी स्वतःचीच नर्सरी काढली. म्हणजे काढली त्यांनी आणि ट्रे भरायला बसली भागूताई. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत वाकून ट्रे भरायचे. तिची कंबर आता सरळ होत नाही.

त्यांची मुलगी आरती केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, पहिल्या वर्गात. तिला कॉम्प्युटरच्या लाइनला जायचं होतं. दाजी म्हणाले, "एक वरीस देतो. दिवाळी ते दिवाळी. लागली नोकरी तर जा पुण्याला. न्हाईतर गुमान नर्सरीत बसायचं आन् आईचा हात हलका करायचा." आरतीनं आईच्या कंबरेकडं बघितलं आणि हो म्हणाली. त्या एका वर्षावर पोरीचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि हे मला, तिला, भागूताईला, सगळ्यांना कळत होतं. दाजींना कळत होतं की नाही, ते पुढं बघा.

दिवाळीला मी माहेरपणाला बहिणीकडं गेले होते. आरती बापाला म्हणाली, "दादा, प्रोग्रामिंग शिकायचं तर पहिली भाषा कुठली घेऊ? एक मैत्रीण पायथन म्हणते, एक जावा म्हणते. मोबाईलवर बघावं तर प्रत्येकजण वेगळंच सांगतो."

"उद्या सांगतो," दाजी म्हणाले. ज्या माणसाला मोबाईलचा आवाज कमी करायला पोरीला हाक मारावी लागते, तो उद्या सांगणार होता!

दुसऱ्या दिवशी दाजी नारायणगावला गेले आणि एका चहाच्या टपरीवर बसले. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या गॅलरीत, दोन कॉम्प्युटर क्लास. मागच्या गल्लीत दुसऱ्या इमारतीत तिसरा. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून पोरं चपला दाराबाहेर काढतात. दाजींनी चपला मोजल्या! नर्सरीतले ट्रे मोजावेत तशा. पायथनच्या दारात सेहेचाळीस जोड. मागच्या गल्लीत जावाच्या दारात बावीस. आणि गॅलरीच्या टोकाला, रत्नदीप सरांच्या क्लासच्या दारात, दोन.

"दोनच!" घरी येऊन दाजींनी मांडीवर थाप मारली. "भाषेचं नाव फॉक्सप्रो. कुणीबी लावलेली न्हाई. येत्या साली हिलाच बाजार."

त्या दोन जोडांतली एक रत्नदीप सरांची होती. दुसरी झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंची. हे मला खुद्द सरांनी नंतर सांगितलं. सरांच्या दारावरची पाटी वीस वर्षांपूर्वीची, त्यावर फॉक्सप्रो लिहिलेलं तसंच राहिलेलं. क्लास कधीच बंद पडला होता, सर आता दुकानदारांचे हिशेब आणि लोकांचे अर्ज टाईप करून देतात. दाजी आरतीला घेऊन गेले तेव्हा त्या भल्या माणसानं हात जोडले. "अहो काका, ही भाषा आता कुणी शिकत नाही. कंपनीनं ती काढायचीसुद्धा बंद केली. मुलीचं वर्ष वाया जाईल."

आता शहाणा माणूस इथं उठला असता. पण दाजींच्या डोक्यात नर्सरी. चांगलं वाण असलं की नर्सरीवाला गिऱ्हाइकाला सांगतो, 'यात काही दम नाही, दुसरं न्या,' आणि ते आपल्या पाहुण्यांना ठेवतो. दाजी स्वतः हेच करतात, म्हणून त्यांना जग तसंच दिसतं. सर जितकं नको म्हणाले, तितकी दाजींची खात्री पटली. "मला बनवतो व्हय?" असं म्हणून त्यांनी फी टेबलावर ठेवली आणि तडक डेअरी गाठली. रांगेत उभं राहून सगळ्यांना सांगितलं, पोरीला अशी भाषा शिकवतोय जी तालुक्यात कुणाकडं नाही. ते मात्र खरं होतं.

मी म्हटलं, "दाजी, लावणारे मोजलेत. खाणारे कुणी मोजले? ही भाषा मागतंय कोण?"

"मंगल, तू शाळंत पोरं वळ. बाजार आमाला कळतो."

मी अवसरीला परत आले ती दात-ओठ खात.

इकडं रत्नदीप सरांनी आरतीला पहिल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "बाळा, मी तुला काही शिकवणार नाही. आठ दिवस नुसत्या जाहिराती वाच. पुण्यातल्या नोकऱ्या, त्याही अनुभव नसलेल्यांसाठीच्या. कोण काय मागतंय ते लिहून काढ." पोरीनं वही घातली. दोनशे बारा जाहिराती. पायथनची नावं भरपूर होती, पण तिच्या वहीत त्यातल्या बहुतेकांना दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा होता. नवख्या पोरांना घेणाऱ्यांत जावा आणि सोबत डेटाबेस मागणारे जास्त निघाले. बापानं टपरीवर बसून चपला मोजल्या, पोरीनं खुर्चीत बसून नोकऱ्या मोजल्या. बघा आता, बेरीज कुणाला येते ते.

सर म्हणाले, "पहिली कुठलीही घेतलीस तरी पुढं दुसरी शिकावीच लागेल, त्याचं एवढं मनावर घेऊ नको. पण तुझ्याकडं वर्षच आहे. जिथं दार उघडं दिसतंय तिथं शिर."

आरतीनं घरी विषय काढून बघितला. "दादा, सर म्हणतात जावा बरी."

"त्या मास्तरला म्हणावं, मला गंडवू नको. आन् आता बदलायचं न्हाई. डेअरीवर सांगून बसलोय मी."

झालं. पोरीच्या वर्षापेक्षा डेअरी मोठी.

मागच्या गल्लीतला जावाचा क्लास यशोधरा मॅडमचा. त्या एकेकाळी रत्नदीप सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी दाजींनी दिलेली फी तशीच त्यांच्याकडं सोपवली आणि आरतीला तिथं बसवलं. अडचण एकच होती. दाजी आठवड्यातून दोनदा, दिवसाचा काही नेम नाही, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला यायचे, टपरीवर चहा प्यायचे आणि वर बघायचे. पोरीची निळ्या पट्ट्याची चप्पल सरांच्या दारात दिसली की खूश. मग डेअरीवर बातमी जायची, "अजून तीनच जोड हायेत. गर्दी न्हाई."

म्हणून आरती रोज सरांच्या दारात चपला काढायची, मागच्या जिन्यानं उतरायची आणि अनवाणी गल्ली ओलांडून यशोधरा मॅडमकडं जायची. दुपारी एकला. तीनला तशीच परत.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. वैशाखात ती दोन दिवस माझ्याकडं राहायला आली. पाय धुऊन ओट्यावर बसली तर तळपायाला फोड, आणि डाव्या टाचेला फुटलेली जखम. मी हादरले. "काय गं हे?" आधी म्हणाली काही नाही. मग रडत रडत सगळं सांगितलं.

"अगं वेडे, पिशवीत दुसरी जोड न्यायची!"

"नेली होती मावशी. पहिल्याच आठवड्यात दादांनी पिशवी बघितली, म्हणाले दोन जोड कशाला लागतात. ती काढून आईला रानात वापरायला दिली. मग सरांनी घरनं एक जुनी जोड आणून दिली, तर ती मॅडमच्या दारातनं कुणीतरी नेली. परत कुठल्या तोंडानं मागू? थंडीत काही वाटलं नाही गं. आता डांबर तापतंय."

माझ्या डोळ्यांपुढं तो माणूस आला, बशीत चहा ओतून फुर्र करून पिणारा, वर बघून समाधानानं मान हलवणारा. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता निमगावला जाऊ, चांगली हजेरी घेते त्यांची. आरतीनं माझे दोन्ही हात धरले. "मावशी, तुला माझी शपथ. क्लासचा दीड महिना राहिलाय. आता दादा चिडले आणि क्लास बंद केला तर मी जन्माची ट्रे भरत बसेन." मी जायचं सोडलं. तिच्या पायाला हळद-लोणी लावलं आणि मनातल्या मनात दाजींना अशा शिव्या दिल्या, की माझ्या वर्गातल्या पोरानं दिल्या असत्या तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आषाढात पुण्यातल्या एका कंपनीची परीक्षा झाली. लेखी झाली, मग दोन मुलाखती. आरतीला नोकरी लागली. भागूताईनं ट्रे तसेच टाकले आणि देवापुढं साखर ठेवली.

आणि मग आमच्या दाजींचा सोहळा. आरतीचा म्हणून ठेवलेला, पण दाजींचा झाला. ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या, पोरीला शाल दिली, बापाला फेटा. दाजींनी माईक हातात घेतला तो सोडेचनात. "टोमॅटो काय आन् कॉम्प्युटर काय, गणित एकच! मी नारायणगावला जाऊन चपला मोजल्या. जिथं दोनच जोड, तिथं पोरगी घातली. आज बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आरती खाली मान घालून बसली होती. माझं रक्त उसळत होतं, पण शपथ होती ना.

शपथ मोडली ती पुढच्या गोष्टीनं. कार्यक्रम संपल्यावर सहा-सात बाप दाजींभोवती जमले. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, सगळे यंदा कॉलेजातून सुटलेले. "कुंडलिकराव, त्या क्लासचा पत्ता द्या की." आणि या माणसानं पत्ता दिला! इमारत कुठली, जिना कुठला, सगळं समजावून दिलं. वर म्हणाला, "लवकर घाला, गर्दी व्हायच्या आत."

घरी पोचताच मी दार लोटलं आणि बोलले. "दाजी, पुरे झालं. तुमची पोरगी त्या फॉक्सप्रोच्या क्लासात एक दिवस शिकली नाही. तुमच्यासाठी तिनं तिथं फक्त चपला ठेवल्या. आठ महिने ती अनवाणी मागच्या गल्लीत जाऊन जावा शिकली. तिची टाच बघा, बघा एकदा! आणि तुम्ही आता दुसऱ्यांच्या पोरांना त्याच खड्ड्यात ढकलताय?"

मला वाटलं, आता हे ओरडतील. नाही तर खुर्चीत बसतील मटकन. दाजींनी फेटा काढला, खुंटीला अडकवला, आत गेले आणि एक खोका घेऊन आले. आरतीसमोर ठेवला. आत नव्या कोऱ्या चपला होत्या, चांगल्या, चामड्याच्या.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"समदं. पिशवीत जोड सापडली तवाच डोक्यात आलं. मंग एक दिस टपरीवर न बसता मागच्या गल्लीत जाऊन उभा ऱ्हायलो. पळत चालली व्हती. पायात काय न्हाई." त्यांनी खोका आरतीकडं सरकवला. "अडवली न्हाई मी तिला."

भागूताई पदर तोंडाला लावून उभी. मी म्हटलं, "कधीची गोष्ट ही?"

"कार्तिकातली."

कार्तिक! म्हणजे अख्खा हिवाळा, अख्खा उन्हाळा, वैशाखातलं ते डांबर, हे सगळं या माणसाला माहीत होतं. माहीत असून टपरीवर बसायचा, पोरीच्या रिकाम्या चपलांकडं बघून चहा प्यायचा, आणि गावात येऊन सांगायचा, तीनच जोड हायेत. मी विचारलं, "मग एका शब्दानं बोलला का नाहीत? 'पोरी, चपला घालून जा' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

दाजी जमिनीकडं बघत म्हणाले, "डेअरीवर सांगून बसलो व्हतो ना."

मी आयुष्यात बरीच भित्री माणसं पाहिलीत. साहेबाला घाबरणारी पाहिली, बायकोला घाबरणारी पाहिली. दुधाच्या रांगेला घाबरून पोटच्या पोरीचे पाय भाजू देणारा हा एकच. आणि याला गावानं दोनदा फेटा बांधला.

आरतीनं डोळे पुसले, नव्या चपला पायात घालून बघितल्या. बरोबर मापाच्या होत्या. मग काढल्या, परत खोक्यात ठेवल्या आणि संध्याकाळच्या दुधाची किटली उचलली.

"आरते, कुठं चालली? चपला घाल की."

"डेअरीवर चाललेय, दादा. तुम्हीपण चला. तुमचं सांगून झालं की घालते."

आणि निघाली. भर गावातून अनवाणी, एवढी नोकरी लागलेली पोरगी. दाजी खोका बगलेत मारून तिच्या मागं. मी सोडते का? मीही गेले.

डेअरीवर दहा-बारा माणसं होती. दुधाचं माप घेणारे सावळेराम म्हणाले, "काय कुंडलिकराव, पोरीचे पाय उघडे आन् तुमच्या बगलंत खोका?" सगळे बघायला लागले. दाजींचा चेहरा मुतखड्याच्या वेळी झाला होता तसा झाला. मला वाटलं, आता चपलेचा पट्टा चावतो म्हणून सांगतील, नवस आहे म्हणून सांगतील. आरती किटली धरून उभी होती, त्यांच्याकडं एकटक बघत.

"पोरगी त्या क्लासात शिकली न्हाई," दाजी एकदाचे म्हणाले. "तिनं तिचं दुसरीकडं शोधलं. मला म्हाईत व्हतं, तरी मी खोटं बोललो. त्या पत्त्यावर कुणी पोरं घालू नका."

कुणी हसलं नाही. आरतीनं त्यांच्या बगलेतला खोका घेतला, तिथंच मापाच्या काट्याशेजारी चपला पायात घातल्या आणि किटली पुढं केली.

सावळेरामनी दूध मोजलं, वहीत लिहिलं आणि मान वर केली. "मंग जिथं शिकली, तिथं किती जोड व्हत्या?"

दाजींचे डोळे लकाकले, खरं सांगते. "बावी..."

"दादा!" आरती म्हणाली, आणि त्यांनी रिकामी किटली उचलली.

ती चार वाक्यं बोलले, ती त्यांच्या नावावर आहेत, मी नाकारत नाही. पण कार्तिक ते आषाढ मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. आरतीनं मात्र केलं. पुण्याला जायच्या दिवशी एसटीत चढताना मी बघितलं, नव्या चपलेचा मागचा पट्टा नेमका टाचेवरच्या त्या डागावर येत होता. मी म्हटलं, "टोचतंय, दुसऱ्या घाल." ती म्हणाली, "राहू दे मावशी, दादा बघतायत."